आट्यांत बसलेलं मीठ

तुटण्याआधी क्षणभर बोल्ट सुटल्यासारखा वाटतो. पाना एकदम मऊ फिरतो, आपण मनात ‘आला’ म्हणतो आणि बोल्टचं डोकं हातात येतं. मे महिन्यात, पाऊस यायच्या आत, रत्नागिरीला घरामागच्या माडाखाली गाडीचा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान सांभाळणारी झडप, बदलत होतो तेव्हा माझं हेच झालं. थर्मोस्टॅटच्या झाकणाला बोल्ट दोनच. पहिला हलेना, म्हणून शेजारच्या काकांच्या पंपाचा पाइप पान्यात घालून पिळला.

दहाच्या पान्याने फिरणारा हा बोल्ट सहा मिलिमीटर जाडीचा असतो. डोक्यावर ८.८ कोरलेलं असतं. त्यातला पहिला ८ म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ८०० न्यूटनची, म्हणजे साधारण ८० किलो पेलायची, ताकद. सरळ ओढून तोडायचा तर सुमारे १६०० किलो टांगावे लागतील. पिळून तोडायला मात्र पंधरा सेंटिमीटरच्या पान्यावर अकरा-बारा किलोंचा जोर पुरतो. पाइप लावल्यावर त्याच्याही निम्म्याने काम होतं. माझं झालंच.

पण आवळताना जो तुटला नाही, तो सोडवताना का तुटावा? बोल्ट म्हणजे खरं तर एक कडक स्प्रिंग. आवळताना लावलेल्या जोरातला निम्मा डोक्याखालच्या घर्षणात जातो, चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात. उरलेल्या दहा टक्क्यांत बोल्ट किंचित ताणला जातो आणि तो ताणच झाकण दाबून धरतो. आटे जाम झाले की हा हिशेब बिघडतो. खालचं टोक जागचं हलत नाही, वरून आपण पिळत राहतो आणि सगळा पीळ डोक्याखालच्या मानेवर येतो.

आटे जाम करणारा मुख्य गुन्हेगार आमचा खारा वारा. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून विरघळतं. इंजिनावर बसलेलं मीठही तेच करतं. पाऊस नसला तरी आट्यांच्या फटीत खारं पाणी टिकून राहतं. त्यात बोल्ट पोलादाचा आणि तो ज्यात बसतो ते इंजिनाचं हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू आणि मधे खारं पाणी, म्हणजे झाली बॅटरी. या बॅटरीत झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. आमच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरना पाण्याखालच्या पंख्याजवळ जस्ताचे ठोकळे लावतात, तिथे जस्त हेच काम करतं: स्वतः झिजतं आणि पंखा वाचवतं. फरक इतकाच की ठोकळा नवा बसवता येतो, इंजिनाचं हेड नाही.

झिजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते. मूळ धातूपेक्षा ती जास्त जागा घेते आणि आट्यांत ठासून बसते. बोल्टभोवती तांबडा गंज शोधू नका, चुन्यासारखी पांढरी किनार दिसते का ते बघा. माझ्या दुसऱ्या बोल्टला ती होती. पहिल्यालाही असणार, मी बघितलीच नव्हती.

दुसऱ्याला तीन दिवस दिले. कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, आधीच काढलेलं होतं. सकाळ-संध्याकाळ गंज सोडवणारं पातळ तेल सोडायचं आणि हातोडीने डोक्यावर हलके ठोके द्यायचे. समईच्या वातीत तेल चढतं तसंच हे तेल फटीत शिरतं, पण त्याला फट तर हवी. ठोक्यांनी भुकटीला तडे जातात. तिसऱ्या दिवशी तेल नीट पुसून हेडला गरम हवा दिली. सारखंच तापवलं तर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. १०० अंशांनी तापवलं तर सहा मिलिमीटरच्या भोकात केसाच्या दहाव्या भागाएवढी फट वाढते. तेवढी पुरली. आधी पाना आवळायच्या दिशेने जरासा दाबला, मग उलटा. किर्रर्र आवाज करत बोल्ट आला.

झाकण निघालं आणि तुटक्या बोल्टचं सेंटिमीटरभर टोक वर दिसलं. डोकं गेल्यामुळे त्यातला ताणही गेला होता, म्हणजे आता त्याला धरून होती ती फक्त भुकटी. दुकानदार ‘ईझी आउट’ घेऊन जा म्हणाला. तुटक्या बोल्टला भोक पाडून त्यात हा उलट्या पिळाचा निमुळता खिळा घालतात. जाम बोल्टसाठी मला हे हत्यार पटत नाही. निमुळतं असल्यामुळे ते बोल्टला आतून फुगवतं, आट्यांत आणखी घट्ट करतं. शिवाय ते इतकं कडक नि ठिसूळ असतं की आत तुटलं तर साधं ड्रिल त्यावर नुसतं घसरतं.

त्यापेक्षा होड्यांची कामं करणाऱ्या एका वेल्डरला बोलावलं. बॅटरीची वायर काढली, पेट्रोलच्या नळीवर ओलं गोणपाट टाकलं. त्याने टोकावर नट ठेवला आणि नटाच्या भोकातून वेल्डिंग भरलं. पोलादाचं वेल्डिंग अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, ही यातली सोय. तापलेला तुकडा फुगून भुकटी चिरडतो आणि थंड होताना आकसतो. मी पाना उचलला तर म्हणाला, “थांब रे, निवू दे जरा.” कोमट झाल्यावर त्याने मुळाशी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आत ओढलं गेलं. मग पाव फेरा पुढे, पाव मागे, असं करत दहा मिनिटांत तुकडा बाहेर.

नवे बोल्ट घेताना ‘स्टेनलेसचे लावा, गंजायचे नाहीत’ असा सल्ला मिळाला. बोल्ट गंजणार नाहीत हे खरं, पण त्यांच्याजोडीने अ‍ॅल्युमिनियम आणखी जोरात झिजेल. मी जस्ताचा मुलामा दिलेले घेतले. आट्यांना जाम होऊ न देणारं ग्रीस लावलं आणि नेहमीपेक्षा थोडे कमी आवळले. ग्रीसमुळे घर्षण घटतं, तेवढ्याच जोराला बोल्ट जास्त ताणला जातो.

काकांचा पाइप त्याच संध्याकाळी परत दिला. थोडा वाकला होता, त्यांच्या अजून लक्षात आलेलं नाही.