रविवारचं सांडपाणी

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका छोट्या उद्यानात सोमवारी सकाळी गेलो होतो. आदल्या दिवशी सहलीच्या बसेस येऊन गेलेल्या. माळीकाकांनी पहारीने सेप्टिक टँकचं झाकण उचललं आणि डोळ्यांत पाणी आणणारा वास आला. कुजक्या अंड्यांचा नव्हे, मुतारीचा. म्हणजे अमोनियाचा.

घरी आंघोळीचं, भांड्यांचं, कपड्यांचं पाणी मिसळून लघवी पातळ होते. बागेत कोण आंघोळ करतं? माणूस येतो, लघवी करतो, हात धुतो, जातो. घरच्या सांडपाण्यात लघवी जेमतेम १ टक्का असते, तरी त्यातला सुमारे ८० टक्के नायट्रोजन तिचाच; अमोनिया होतो तो याचाच. पातळ करणारं पाणी घटलं की हे प्रमाण कुठच्या कुठे जातं. त्यात सगळा भार रविवारी, आणि बुधवारी टाकीत काहीच येत नाही.

सेप्टिक टँक आपलं काम करतो. जड गाळ तळाला बसतो, चरबी वर तरंगते, मधलं पाणी पुढे जातं. हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळ पचवतात, पण अमोनियाला हात लावत नाहीत. तो सरळ सोकपिटात, म्हणजे शोषखड्ड्यात उतरतो, आणि आपल्याकडे सोकपिट खणलेलं असतं चिऱ्यात, म्हणजे जांभ्या दगडात. जांभ्याला भोकं आणि भेगा फार. पाणी हळूहळू गाळून जाण्याऐवजी त्यांतून पळतं. पावसात विहिरी काठोकाठ भरतात तेव्हा तर सोकपिटाचा तळच भूजलात बुडतो. अमोनियाचं वाटेत नायट्रेट होऊन ते विहिरीला लागू शकतं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. फार वाढलं तर तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद कमी होते.

न्हाणीचं पाणी अळवाला आणि केळींना सोडायची रीत आपल्या घरांत जुनीच. जर्मनीत वनस्पतिशास्त्रज्ञ केटे झाइडेल यांनी १९५०च्या दशकात पाणवनस्पतींवर प्रयोग सुरू केले, त्यातून याच कल्पनेचं शास्त्र उभं राहिलं. सांडपाणी शुद्ध करणारा असा वाफा म्हणजे तळाला न झिरपणारं अस्तर, वर खडी आणि वाळू, त्यात कर्दळ किंवा पाणकणीस. काम मुख्यतः खडीवर चिकटलेल्या जिवाणूंच्या बुळबुळीत थराचं, झाडांची मुळं त्यांना आधार देतात.

अमोनियाचं नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू भरपूर लागतो: १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनला साडेचार ग्रॅमच्या वर. म्हणून एकामागे एक दोन वाफे करायचे आणि पहिल्यात पाणी वरून, एकदम ओतायचं. ते खाली निथळलं की मागोमाग हवा आत ओढली जाते. जमिनीला उतार असेल तर भरली की आपोआप रिकामी होणारी सायफनची टाकी हे विजेशिवाय करते. दुसऱ्या वाफ्यात पाणी आडवं, खडीखालून सरकतं. तिथे हवा नसते, त्यामुळे वेगळे जिवाणू कुजक्या मुळांवर जगून नायट्रेटचा नायट्रोजन वायू करतात आणि तो हवेत निघून जातो. आधी एक मोठी साठवण टाकी मात्र हवीच, रविवारचं पाणी थोडं थोडं करून आठवडाभर सोडायला. जिवाणूंनाही रोज खायला लागतं.

पावसाचा हिशेब बहुतेक जण विसरतात. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस. २० चौरस मीटरच्या वाफ्यावर नुसतं आभाळातून ६० हजार लिटर पडणार! त्यात छपराचं आणि उतारावरचं पाणी शिरलं तर सगळं न शुद्ध होताच वाहून जाईल. भोवती बांध हवाच, आणि आकार धरताना हे पाणीही मोजायला हवं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती संडासाच्या कोपऱ्यातल्या बाटल्यांची. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर सढळ हाताने ओतली की जिवाणू मरतात. इतर जिवाणू काही तासांत दुप्पट होतात. अमोनिया खाणाऱ्यांना एक दिवस किंवा जास्त लागतो, त्यामुळे घडी पुन्हा बसायला आठवडे जातात. ब्रश आणि थोडा साबण पुरतो, हे मी माळीकाकांना सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि बादली घेऊन उतारावरून खाली निघाले. पिण्याच्या पाण्याची विहीर तिथेच, सोकपिटाच्या खालच्या अंगाला आहे.