पैसे दोरीत घाला, काठीत नको

अमेरिकेच्या वायव्य भागात मासेमारीच्या कुठल्याही चांगल्या दुकानात शिरा, भिंतीवर ओळीने फ्लाय रॉड, म्हणजे कृत्रिम माशी फेकून मासे गरवायच्या काठ्या, लावलेले असतात. एका टोकाला दीडशे डॉलरचा, दुसऱ्या टोकाला हजाराच्या पुढचा. दोन्ही नऊ फुटी, दोन्हींवर ८ हा आकडा. सिअ‍ॅटल-पोर्टलंडकडे नोकरीला गेलेला मराठी माणूस हौसेने इथवर येतो आणि किमती बघून काढता पाय घेतो. तशी गरज नाही. सॅमन आणि स्टीलहेड (समुद्रात वाढून नदीत परतणारा ट्राउट मासा) यांच्यासाठी लागणाऱ्या सामानात बऱ्याच ठिकाणी स्वस्तात भागतं. कुठे भागतं आणि कुठे अंगाशी येतं, हे मात्र जाहिरातींपेक्षा भौतिकशास्त्राला विचारलेलं बरं.

कोकणात खाडीवर गरवायला बसणारा माणूस दोरीला शिसं बांधून भिरकावतो. शिसं पुढे उडतं, हलकी दोरी मागून ओढली जाते. फ्लाय फिशिंगमध्ये सगळं उलटं. गळावर पिसं, केस आणि चमकीचे धागे गुंडाळून केलेली फ्लाय इतकी हलकी असते की नुसती फेकली तर पायाशीच पडेल. म्हणून वजन दोरीलाच दिलेलं असतं. रॉडवरचा तो ८ आकडा या वजनाचाच आहे: दोरीच्या टोकाकडचे पहिले ३० फूट २१० ग्रेन, म्हणजे साधारण १३.६ ग्रॅम भरले पाहिजेत. ५ नंबरला हेच वजन १४० ग्रेन, १० नंबरला २८०.

रॉडचं काम स्प्रिंगचं. दोरी मागे सरळ झाली की रॉड पुढे ओढायचा, तिच्या वजनाने तो वाकतो. मग एकदम थांबवायचा. रॉड सरळ होतो आणि दोरीत एक वेटोळं तयार होऊन पुढे धावत सुटतं. वेटोळ्याच्या खालची बाजू जवळजवळ जागच्या जागी, वरची उडत असते. उडणारा भाग जसा आखूड होत जातो, तशी उरलेली ऊर्जा कमी कमी वस्तुमानात गोळा होते. हवा तिच्यातला वाटा सतत काढून घेत असते. दोरी कुठे जाड आणि कुठे निमुळती ठेवायची यावर हा सगळा हिशेब ठरतो, आणि जड फ्लाय नीट उलगडून पाण्यावर पडते की डोक्यावर, हेही.

शिवाय दोरीच्या पोटात बरंच काही असतं. मधे विणलेला गाभा, वर प्लॅस्टिकचं आवरण. तरंगणाऱ्या दोरीच्या आवरणात काचेचे सूक्ष्म पोकळ गोळे मिसळलेले असतात, बुडणाऱ्या दोरीच्या आवरणात टंगस्टनची भुकटी. आवरणाला चिरा गेल्या की पाणी आत शिरतं आणि तरंगणारं टोक बुडायला लागतं. तेव्हा दोरीला ७०-८० डॉलर गेले तर जाऊ द्यावेत.

रॉडवर मात्र खुशाल हात आखडता घ्या. कार्बन फायबरचे रॉड १९७०च्या दशकात बाजारात आले, तेव्हा ती नवलाई होती. त्याआधी चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या चिकटवलेले आणि नंतर काचतंतूचे रॉड होते. आज साध्या रॉडमध्येही कार्बनच असतो. महागड्यात धागा जास्त ताठ, म्हणून रॉड थोडा हलका आणि वाकून लवकर सावरणारा. लांबच्या फेकीत हा फरक कळतो, पण स्टीलहेड पुष्कळदा दहा-पंधरा मीटरवरच उभा असतो. उलट थोडा मऊ रॉड नवशिक्याच्या हाताला जास्त सांगतो: दोरीचं वजन कधी आलं, कधी गेलं. रेडिंग्टन, एको, टीएफओ या कंपन्यांचे स्वस्त रॉड या कामाला पुरतात.

रीळ हा मधला मामला. लहान ट्राउटसाठी रीळ म्हणजे दोरी गुंडाळायची डबी. सॅमन मात्र सुसाट पळतो, दोरी संपवून मागचा बॅकिंगचा धागाही ओढतो. इथे एक गंमत आहे. रिळाच्या ब्रेकचा जोर तोच ठेवला तरी दोरी सुटत जाईल तशी गुंडाळीची त्रिज्या घटते, आणि माशाला लागणारी ओढ त्याच प्रमाणात वाढते. त्रिज्या ४ सेंटिमीटरवरून २ वर आली की ओढ दुप्पट! तीही नेमकी मासा सगळ्यात लांब असताना. म्हणून मोठ्या गाभ्याचं रीळ घ्यावं. दुकानात हाताने दोरी ओढून बघा. स्थिर घर्षण गतीतल्या घर्षणाहून जास्त असतं. स्वस्त ब्रेक सुरुवातीला अडतो, मग झटक्याने सुटतो, आणि टोकाचा बारीक धागा त्या झटक्यातच तुटतो.

त्या धाग्याबद्दल दुकानदार हमखास फ्लुरोकार्बन नावाच्या प्लॅस्टिकचा धागा पुढे करतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५च्या पुढे, म्हणून तो पाण्यात कमी दिसतो, हे खरं. पण समुद्रातून अंडी घालायला नदीत शिरलेला सॅमन खाणं जवळपास सोडून देतो. तो फ्लायवर झडप घालतो ती भुकेने नाही, बहुधा सवयीने किंवा चिडून. गढूळ पाण्यात त्याच्यासाठी साधं जाड नायलॉन चालतं. फ्लायचे पन्नास प्रकारही नकोत. एक गडद, एक भडक, दोन-तीन आकारांत, झालं.

नंबरमध्ये मात्र काटकसर नको. मुन्नारच्या ओढ्यांत आणून सोडलेला रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड ही एकच जात, पण स्टीलहेड समुद्रात वाढून परततो आणि चार-पाच किलोंचा सहज भरतो. घरचा ५ नंबरी रॉड त्याच्यावर वापरला की झुंज लांबते. जोरात पळताना माशाचे पांढरे स्नायू ऑक्सिजनविना काम करतात, लॅक्टेट साठत जातं, आणि सोडून दिलेला मासाही नंतर मरू शकतो. वॉशिंग्टन राज्यात रानटी स्टीलहेड सहसा सोडावाच लागतो. पाठीवरचा छोटा मेदपर कापलेला असेल तर तो हॅचरीचा, म्हणजे माणसाने पैदास केंद्रात वाढवलेला. स्टीलहेड आणि कोहो सॅमनला ८ नंबर, चिनूक सॅमनला १०.

हिवाळ्यात आणखी एक खर्च निघतो. मासा थंड रक्ताचा. पाणी गार झालं की तो सुस्तावतो, तळाशी राहतो. तळालगत खडकांच्या घर्षणाने प्रवाह मंद असतो, वर वेगाचा. तरंगणाऱ्या दोरीला वरचा प्रवाह ओढून नेतो आणि फ्लाय खाली पोचतच नाही. यासाठी वेगळी अख्खी दोरी घेण्यापेक्षा पुढे जोडायची बुडणारी तीन मीटरची टोकं घ्यावीत, वेगवेगळ्या वेगाने बुडणारी दोन पुरेत.

वेडर, म्हणजे पाण्यात उभं राहायला घालायची जलरोधक विजार, सेकंडहँड चालतो. बुटांचे फेल्टचे (नमद्यासारख्या दाबलेल्या तंतूंचे) तळ टाळा. ओलसर फेल्टमधून परके जीव एका नदीतून दुसरीत जातात, अलास्काने त्यावर २०१२ साली बंदीच घातली. गोरटेक्स या जलरोधक कापडाचा जुना वेडर घेतला तर आतून रबिंग अल्कोहोल फवारा. बारीक भोक असेल तिथे आतल्या बाजूलाच गडद ठिपका उमटतो, त्यावर गोंद लावला की काम झालं. सोबत कमरेचा पट्टा नसेल तर नवा विकत घ्या. पाय घसरला तर वेडरमध्ये पाणी झपाट्याने भरू न देणारा तोच असतो.