घेरावरून उंची: रोपवनातील एका हिशेबाची पार्श्वभूमी
पुण्यातील वेताळ टेकडीवरील गिरिपुष्पाच्या खोडाला जमिनीपासून १.३७ मीटरवर, म्हणजे छातीच्या उंचीला, फीत गुंडाळली आणि घेर ४७ सेंटिमीटर भरला, की त्याला ३.१४ ने भागून व्यास साधारण १५ सेंटिमीटर असल्याचे मिनिटभरात कळते. उंचीचे तसे नाही. बुंधा आणि शेंडा दोन्ही दिसतील इतके मागे सरकावे लागते, उतारावर कोनांचा हिशेब बदलतो आणि दाट रोपवनात शेंडा शेजारच्या फांद्यांत हरवतो. तरीही लाकडाचे घनफळ काढायचे तर उंची हवीच; म्हणून सहज मोजता येणाऱ्या घेरावरून ती अंदाजायची, हाच तो हिशेब.

भारतात शास्त्रीय वनव्यवस्थेची सुरुवात झाली तेव्हा भर घेरावरच होता. १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झालेले अलेक्झांडर गिब्सन त्याआधी पुण्याजवळच्या दापोडीचे वनस्पती उद्यान सांभाळत होते, हे पुणेकरांनी आवर्जून लक्षात ठेवावे. पुढे १८५६ पासून ब्रह्मदेशातील पेगूत डीट्रिख ब्रँडिस यांनी सागाची मोजणी केली, तीही घेराचे वर्ग पाडून.

मोजक्या झाडांची उंची घ्यायची, ती व्यासासमोर आलेखावर मांडायची, बिंदूंमधून हाताने वक्ररेषा काढायची आणि बाकीच्या झाडांची उंची तिच्यावरून वाचायची, ही जुनी रीत. रेषा सरळ का नसते, याचे उत्तर झाडातच आहे: कोवळ्या वयात ते उजेडासाठी झपाट्याने वर जाते, नंतर शेंड्याची वाढ मंदावते, पण खोड जाड होतच राहते. या वक्ररेषेला १९३० च्या दशकात स्वीडनच्या नॅस्लुंड यांनी सुटसुटीत सूत्र दिले. १९६७ मध्ये अमेरिकेतील कर्टिस यांनी डग्लस फर या सूचिपर्णी झाडाच्या अभ्यासात व्यासाच्या जोडीला झाडांचे वयही समीकरणात आणले. माझ्या मते खरे वळण तेच, कारण एकाच जाडीच्या झाडांची उंची दहाव्या आणि तिसाव्या वर्षी सारखी नसते, हे त्यामुळे हिशेबात आले.

वयाने सगळे सुटत नाही. वाऱ्याच्या धारेवरचे झाड ठेंगणे राहते आणि तेवढ्याच घेराचे घळीतले झाड वर निघून जाते. शिवाय विरळणी झालेल्या, म्हणजे मधली काही झाडे काढून टाकलेल्या, रोपवनात खोडे लवकर जाड होतात. म्हणून अलीकडची समीकरणे सर्वसाधारण वक्ररेषा घेऊन प्रत्येक भूखंडासाठी ती थोडी वर-खाली सरकवतात, आणि त्यासाठी त्या भूखंडातील बारीक, मध्यम व जाड अशा काही झाडांची उंची प्रत्यक्ष मोजावीच लागते. सागाच्या बाबतीत हे काम पानगळीनंतर करणे सोयीचे, कारण तेव्हा शेंडा उघडा पडलेला असतो.