टॅक्टिकल पँट व जॅकेट

लष्कर आणि पोलिसांच्या कामाच्या गणवेशावरून बेतलेले, पण आता डोंगरभटकंती, रानातली कामे, शेती आणि लांबचा प्रवास यांसाठी सर्रास वापरले जाणारे दणकट कपडे. कोल्हापूरच्या बाजारात पँटला ‘कार्गो’, ‘सिक्स पॉकेट’ किंवा नुसते ‘मिलिटरी पँट’ म्हणतात. ‘टॅक्टिकल’ हा शब्द ऑनलाइन खरेदीबरोबर आला. ही नोंद कोल्हापूर जिल्ह्याची हवा आणि वाटा डोळ्यांसमोर ठेवून केली आहे. लडाखला जे लागते ते पन्हाळ्याला ओझे होते. या भागात खरे काम पँट करते, जॅकेट बहुतेक वेळ सॅकमध्येच असते. दुकानात मात्र गिऱ्हाइकाचे पैसे नेमके उलट्या क्रमाने खर्च होतात.

मांडीवरचा मोठा खिसा ही या पँटची ओळख. १९३८च्या सुमारास ब्रिटिश सैन्याच्या ‘बॅटल ड्रेस’मध्ये नकाशा ठेवण्यासाठी तो आला आणि दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी छत्रीधारी सैनिकांनी तो फुगवून मोठा केला. आजच्या पँटचा दुसरा पूर्वज मात्र लष्करी नाही. अमेरिकी गिर्यारोहक रॉयल रॉबिन्स यांच्या कंपनीने कडे चढणाऱ्यांसाठी काढलेली पँट तिथल्या एफबीआयच्या प्रशिक्षणार्थींनी उचलली आणि त्यातून पुढे ‘५.११’ हा ब्रँड उभा राहिला. नावातला आकडा योसेमिटी पद्धतीतल्या चढाईच्या काठिण्याचा आहे. म्हणजे डोंगरातली पँट पोलिसांकडे गेली आणि वाढीव किंमत लावून डोंगरात परत आली.

परिसर : एकाच जिल्ह्यात पूर्वेला शिरोळकडे पाऊस बेताचा, तर शहरापासून सुमारे ५५ किलोमीटरवरच्या गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक. थंडी म्हणावी तर पहाटेची, ऊन वर आले की स्वेटर काखेत. डोंगराच्या उतारांवर करवंदीच्या जाळ्या, घाणेरी आणि शिकेकाईच्या वेली, पावसाळ्यात जळवा, दिवाळीनंतर माळामाळावर कुसळे. उसाच्या फडात वेगळाच जाच. पात्याची कड ब्लेडसारखी चालते आणि पाचटात पाय कशावर पडेल सांगता येत नाही. तेव्हा या कपड्यांचा उपयोग फक्त ट्रेकरला आहे असे नव्हे.

कपड्यांची सगळ्यात कठीण परीक्षा जुलैत होते. १६६०च्या १२ जुलैच्या रात्री शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून विशाळगडाकडे गेले आणि १३ तारखेला बाजीप्रभू देशपांडे यांनी खिंड लढवली. त्या स्मरणार्थ दरवर्षी पन्हाळा ते पावनखिंड अशा पदभ्रमंती निघतात, बहुधा दोन दिवसांच्या. मसाई पठारावर पाऊस आडवा मारतो, जांभ्याचा तांबडा चिखल पोटरीपर्यंत येतो आणि घसरून बसणे हा चालण्याचाच एक प्रकार होऊन जातो. प्रस्तुत लेखकाची पहिली महागडी पँट करपेवाडीच्या अलीकडे, एक ओढा ओलांडताना लांब टांग टाकली तशी आसनात टर्रकन गेली. पुढची वाट कमरेला जॅकेट बांधून काढली. त्या दिवसातला जॅकेटचा तेवढाच उपयोग. घरी येऊन पाहिले तर कापडाला ओरखडासुद्धा नव्हता. शिवण उसवली होती.

शिवण : म्हणून दुकानात पँट आधी उलटी करून पाहावी. आसनात चार शिवणी एका बिंदूत येत असतील तर सगळा ताण त्या बिंदूवर येतो. चांगल्या पँटमध्ये तिथे शंकरपाळीच्या आकाराचा वेगळा तुकडा घातलेला असतो. त्याने ताण विभागला जातो आणि पाय मोकळा फाकतो. बाजूच्या आणि आसनाच्या शिवणी जीन्सप्रमाणे कडा एकमेकीत मुडपून दोनदा मारलेल्या हव्यात. नुसती ओव्हरलॉकची शिलाई रोजच्या वापराला ठीक, कड्यावर नाही. खिशाचे कोपरे, पट्ट्याचे लूप, चेनचे खालचे टोक इथे बारटॅक असतो, म्हणजे अर्धा-पाऊण सेंटिमीटर लांबीचा गच्च भरलेला टाका. तो नखाने खरवडून बघावा. दोरा उचलला गेला तर पँट ठेवून द्यावी. मग ट्रायल रूममध्ये तालमीतल्यासारख्या तीन पूर्ण बैठका माराव्यात. खाली बसल्यावर मागचा पट्टा कमरेवरून निसटत असेल किंवा गुडघ्यावर कापड ताठ ओढले जात असेल तर तो साइझचा नाही, बेतण्याचा दोष आहे, आणि एक नंबर मोठी पँट घेऊन तो जात नाही.

शंकरपाळीचा तुकडा नसलेल्या साध्या कार्गोत तो मागाहून बसवता येतो. अल्टरेशन करणारे चांगले टेलर आसन उसवून हे काम करून देतात. कापड मात्र आपण न्यावे आणि पॉलिस्टरचा दोरा वापरायला सांगावे. सुती दोरा ओला-सुका होऊन कुजतो.

कापड : ‘रिपस्टॉप’ हा शब्द लेबलवर ठळक असतो. या कापडात साधारण ५ ते ८ मिलिमीटरच्या अंतराने उभे आणि आडवे जाड धागे घातलेले असतात, त्यामुळे बारीक चौकडी दिसते. काटा घुसून भोक पडलेच तर फाट पुढच्या जाड धाग्याशी अडते. मूळ उपयोग दुसऱ्या महायुद्धातल्या नायलॉनच्या पॅराशूटसाठी. इचलकरंजीच्या माणसाला यात जादू काही वाटत नाही. १९०४ साली तिथे पहिला यंत्रमाग आला आणि तेव्हापासून गावाचे कान त्या खडखडाटावर वाढलेले. डॉबी, म्हणजे नक्षीसाठी ताण्याचे धागे उचलणारे यंत्र, लावलेल्या मागावर अशी चौकडी काढणे ही रोजची गोष्ट. अशा एका ओळखीच्या माणसाने दाखवलेली परीक्षा सोपी आहे. कापड उजेडासमोर धरायचे, चौकडीच्या रेषा सरळ आणि सारख्या अंतरावर आहेत का बघायचे, मग दोन्ही अंगठ्यांनी एक जागा तिरकी ओढायची. सोडल्यावर धागे सरकलेले दिसले तर वीण पातळ. चौकडी नुसती छापलेली असेल, आणि तसे कापडही विकले जाते, तर उलट्या बाजूला ती दिसत नाही.

वजन दर चौरस मीटरला किती ग्रॅम, यावर मोजतात. आपल्याकडे बाराही महिने चालणाऱ्या पँटला २०० ते २४० ग्रॅमचे कापड पुरते. जाड जीन्स ४०० ग्रॅमच्या आसपास जाते. भिजली की ती पायात दगड बांधल्यासारखी होते आणि जुलैत दोन दिवस वाळत नाही. ६५ टक्के पॉलिस्टर आणि ३५ टक्के सुती हे मिश्रण या हवेत सर्वांत व्यवहारी. शुद्ध सुती कापड अंगाला गोड लागते, पण पावसाळ्यात नको. नायलॉन-सुती अर्धे-अर्धे हे अमेरिकी लष्करी गणवेशाचे जुने मिश्रण घर्षणाला अधिक चांगले, पण इथे सहज मिळत नाही. लवचीकपणासाठी दोन-चार टक्के इलॅस्टेन असेल तर चालेल. त्याहून जास्त असेल तर वर्ष-दोन वर्षांत गुडघे फुगतात. ‘डेनियर’ हा आकडा धाग्याचा आहे, कापडाचा नाही : ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे डेनियर. ५०० किंवा १,००० डेनियरचे नायलॉन सॅकला शोभते. पँटमध्ये ते गुडघ्याच्या किंवा बुडाच्या पट्टीपुरतेच ठीक.

नायलॉन आणि पॉलिस्टर आगीजवळ वितळतात, हे शेकोटीभोवती बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. ठिणगीने सुती कापड जळून भोक पडते. नायलॉन चिकट होऊन कातडीला डसते. त्याच कारणाने टॅक्टिकल पँटला दुचाकीचे संरक्षक कपडे समजू नये. डांबरावर घसरल्यावरची गोष्ट निराळी आहे, त्यासाठी वेगळी मानके आहेत.

चेन, बटण, खिसे : चिखलात पहिली मरते ती चेन. बारीक सर्पिलाकार नायलॉन चेनमध्ये माती अडकते, पण ती धुऊन पुन्हा चालते. मोठ्या दात्यांची प्लास्टिक चेन जॅकेटला उत्तम. पितळी चेन दमट हवेत हिरवी पडते. पुष्कळदा चेन शाबूत असते, फक्त रनर सैल झालेला असतो. बाजारात तो बदलून मिळतो, अख्खी चेन काढण्याची गरज नसते. टिचबटण ओल्या हातांनी, अंधारात लावता येते, म्हणून मांडीच्या खिशाला तेच बरे. व्हेल्क्रोची कल्पना स्विस अभियंता जॉर्ज द मेस्त्राल याला १९४१ साली कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या लोक पायातली कुसळे उपटत शिव्या देत बसले, पेटंट कोणी घेतले नाही. कुसळांनी आता सूड घेतला आहे. एका हिवाळ्यात ती व्हेल्क्रोच्या आकड्यांत भरून पकड घालवतात. शिवाय राधानगरीच्या जंगलात गवा पाहायला शांत बसलेले असताना खिसा उघडण्याचा तो कर्र आवाज! सोबतचे लोक ते लवकर विसरत नाहीत.

खिसे सहा पुरे. दहा-बारा खिशांच्या पँटमध्ये किल्ली शोधण्यातच दुपार जाते आणि प्रत्येक खिसा म्हणजे पाणी धरणारी एक पिशवी. आतल्या बाजूला चेनचा एक चोरखिसा असावा. खिशाच्या तळाला पाणी निघायला बारीक छिद्र असेल तर बनवणारा कधीतरी पावसात चालला आहे असे समजावे.

जॅकेट : डोंगरातले या भागाचे मूळचे ‘जॅकेट’ म्हणजे घोंगडे. धनगर मेंढपाळ दख्खनी मेंढीच्या जाड लोकरीच्या घोंगड्याची खोळ करून भर पावसात मेंढरांमागे दिवसभर उभा असतो. पट्टणकोडोलीच्या यात्रेत खांद्याखांद्यावर ते दिसते. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ एक-तृतीयांश ओलावा धरूनही अंगाला ओली लागत नाही, आणि खोळ खालून मोकळी असल्याने घामाची वाफ कोंडत नाही. भाताच्या लावणीत पाठीवर घेतात ते इरलेही याच तत्त्वावर : वरून झाकलेले, खालून उघडे.

नव्या जॅकेटांची अडचण इथेच आहे. आतल्या सूक्ष्मछिद्री पडद्यातून घामाची वाफ बाहेर जाते ती आत दमट आणि बाहेर कोरडे असेल तेव्हा. जुलैतल्या गगनबावड्यात बाहेरची हवाच वाफेने भरलेली; पडदा कितीही भारी असो, चढावर माणूस आतूनच भिजतो. म्हणून १०,००० मिलिमीटर जलदाबाचा (कापड किती उंच पाण्याचा दाब सोसते त्याचा) आकडा बघून पैसे मोजण्यापेक्षा काखेत चेन आहे का, टोपीला पुढे कडक झडप आहे का, शिवणींना आतून पट्टी चिकटवली आहे का, हे पाहावे. दोन्ही हात वर करून बघावे. जॅकेट पट्ट्याच्या वर गेले तर पाठीवरचे पाणी थेट पँटमध्ये उतरणार. जाड सॉफ्टशेल, फ्लीसचे अस्तर, कोपरावर गाद्या असले प्रकार फोटोत रुबाबदार दिसतात. कोल्हापुरात ते पहाटेच्या मोटरसायकलपुरते. पातळ, बिनअस्तराचे, मुठीत मावेल असे पावसाळी जॅकेट आणि आत पूर्ण बाह्यांचा पॉलिस्टरचा टी-शर्ट एवढ्यावर बहुतेकांचे भागते.

रंग आणि कायदा : खाकी, मातकट तपकिरी, राखाडी हे रंग चिखल लपवतात. काळा टाळावा. तो तापतो, शिवाय गडांच्या कड्यांवर आग्या मोहोळे असतात आणि गडद, लवदार कापडावर माश्या अधिक चवताळून येतात. फिका, गुळगुळीत कपडा सुरक्षित. दाट धुक्याच्या वाटांवर जॅकेट तेवढे भगवे किंवा पिवळे घ्यावे, चुकलेला माणूस सापडतो. लष्करी चट्टेपट्टे घेऊच नयेत. भारतीय सेनेने १५ जानेवारी २०२२ रोजी दाखवलेल्या नव्या डिजिटल नक्षीच्या गणवेशाची नोंदणी झालेली असून तो खुल्या बाजारात विकण्यास मनाई आहे. आपण सैनिक आहोत असे भासवण्याच्या हेतूने तसा पोशाख घालणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा ठरतो. हेतू नसला तरी नाक्यावर तो समजावत बसण्यात दुपार घालवण्याचे कारण नाही.

निगा : चिखल वाळू द्यावा, मग झटकावा, ब्रशने घासू नये. चेन आणि व्हेल्क्रो लावून, पँट उलटी करून, कमी पावडरीत धुवावी. कपडे मऊ करणारे द्रावण जॅकेटला कधीच लावू नये, त्याने पाणी झटकणारा लेप मरतो. थेंब कापडावर मोत्यासारखे न राहता पसरू लागले म्हणजे लेप गेला; तो स्प्रेने पुन्हा देता येतो. जॅकेटांचा खरा काळ मात्र पाऊस नव्हे, कपाट आहे. आतल्या बाजूचा पॉलियुरेथेनचा थर दमट जागी हवेतल्या ओलाव्यानेच विघटित होतो. ऑगस्टमध्ये अर्धवट ओले कोंबलेले जॅकेट पुढच्या जूनला बाहेर काढावे तर आतून चिकट झालेले, आंबूस वास मारणारे आणि पापुद्रे सोडणारे असते, आणि त्याला इलाज नाही. पँटला असला आजार नसतो. ती गुडघ्यावर जाते, तेव्हा पाय गुडघ्याखाली कापून अर्धी पँट होते आणि उरलेल्या रिपस्टॉपची ठिगळे पुढच्या पँटच्या बुडाला लागतात.