बाहेर काढताच मान टाकणारं रोप

क्रॉफर्ड मार्केटला माशांच्या टाकीसाठी रोप घ्यायला गेलात, तर ते पाण्यात बुडून जगणारं आहे का हे पाहायला दुकानदाराला ते पाण्याबाहेर धरायला सांगा. व्हॅलिस्नेरिया किंवा हायड्रिला असेल तर ओल्या केसांसारखं लोंबेल. शाळेत नरसाळ्याखाली ठेवून प्राणवायूचे बुडबुडे दाखवतात ते हेच हायड्रिला. या वनस्पतींना पाणीच तोलून धरतं, त्यामुळे ताठ उभं राहायला लागणाऱ्या ऊती त्यांच्यात फारच कमी असतात. पानं इतकी पातळ, की विरघळलेला कार्बन डायऑक्साइड थेट त्यांतून आत शिरतो.

लकी बांबू मात्र हातातही ताठ उभा राहतो. तो ड्रासेना, म्हणजे जमिनीवरचं झाड. मुळं पाण्यात आणि पानं हवेत असली की छान जगतो. पानांसकट बुडवला की कुजतो. माझ्या पहिल्या टाकीत मी तो पूर्ण बुडवला होता. सडणाऱ्या पानांतून अमोनिया सुटतो आणि तो माशांना घातक असतो, हे तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

ही परीक्षा अनुबियाजला लागू पडत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या ओढ्यांच्या काठची ही वनस्पती जाड पानांची आणि ताठ असते, तरी बुडूनही वर्षानुवर्षं टिकते. फक्त तिचं आडवं खोड वाळूत पुरू नका, कुजेल. दगडाला दोऱ्याने बांधा. जावा फर्नचंही तसंच.

घरच्या टाकीत खरी टंचाई असते ती कार्बनची. कार्बन डायऑक्साइड हवेत पसरतो त्याच्या सुमारे 10,000 पट सावकाश पाण्यात पसरतो. पानाभोवतीचा साठा संपला की नवा लवकर पोचत नाही. अशा वेळी दिव्याचा उजेड वाढवला तर रोपं वाढत नाहीत, काचेवर शेवाळ मात्र चढतं. म्हणून टाकीला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावायचा नसेल तर सावकाश वाढणारी रोपंच घ्यावीत, असं माझं ठाम मत आहे: अनुबियाज, जावा फर्न आणि श्रीलंकेची क्रिप्टोकोरिन वेंटाय. क्रिप्टोकोरिनची पानं नव्या टाकीत अनेकदा गळून लगदा होतात. लगदा काढा, पण रोप उपटू नका; मुळं जिवंत असली तर नवी पानं फुटतात.

मुंबईत उन्हाळ्याचीही काळजी घ्यावी लागते. 20 अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. दिवा बंद झाला की रोपंही माशांसारखा प्राणवायूच वापरतात. एप्रिल-मे महिन्यांत हवेचा पंप रात्री बंद ठेवू नका.

छाटलेल्या फांद्या नाल्यात किंवा तलावात टाकू नका. पवईचा तलाव झाकून टाकणारी जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेची, आणि आपल्या दुकानांतली कबोंबा ही पाणवनस्पतीही तिकडचीच. मी छाटणी उन्हात वाळवून तुळशीच्या कुंडीत मिसळते.