सौर पॅनेल आणि इन्व्हर्टर यांच्या क्षमतेचा मेळ

पॅनेल डीसी वीज देतात आणि इन्व्हर्टर तिची घरात वापरायची एसी वीज करतो. इन्व्हर्टरच्या क्षमतेच्या किती पट पॅनेल त्याला जोडली आहेत, हे डीसी-एसी गुणोत्तर सांगते. ५ किलोवॉटच्या इन्व्हर्टरला ६.५ किलोवॉटची पॅनेल जोडली, तर ते १.३ येते. ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्याला, जोडलेल्या संचांत १.१ ते १.३ हे प्रमाण नेहमीचे आहे. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही चूक वाटते. खरे तर दोन्ही आकडे सारखे ठेवले, तर इन्व्हर्टरची बरीचशी क्षमता नुसती पडून राहते.

पॅनेलच्या पाठीवर छापलेला आकडा प्रयोगशाळेतला असतो: दर चौरस मीटरला १००० वॉट प्रकाश आणि सेलचे तापमान २५ अंश सेल्सिअस. कडक उन्हात सेल ६० अंशांपलीकडे सहज तापतो आणि सिलिकॉन सेलची शक्ती दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के घटते. ०.३५ टक्के घट धरली, तर ५५० वॉटचे पॅनेल ६५ अंशांना भर उन्हातही सुमारे ४७३ वॉटच देते. धूळ, वायरमधली घट आणि तिरपे ऊन यांचा हिशेब अजून वेगळाच.

थंड, निरभ्र दुपारी पॅनेल इन्व्हर्टरच्या मर्यादेपेक्षा जास्त देऊ शकतात. तेव्हा इन्व्हर्टर त्यांना कमाल शक्तीच्या बिंदूवरून (ज्या व्होल्टेजला पॅनेल सर्वाधिक शक्ती देते) सरकवून चढ्या व्होल्टेजवर नेतो. जास्तीची वीज कुठे जळत नाही. ती तयारच होत नाही. यालाच क्लिपिंग म्हणतात. उत्पादनाच्या आलेखाचा घुमट माथ्यावर सपाट झालेला दिसतो. त्या सपाटीत जाते त्याहून अधिक वीज सकाळ-संध्याकाळ आणि ढगाळ दिवसांत भरून निघते, म्हणून थोड्या क्लिपिंगला घाबरू नये. पॅनेल पूर्व-पश्चिम विभागली असतील, तर दोन्ही बाजूंचा माथा एका वेळी येत नाही आणि गुणोत्तर आणखी वाढवता येते.

वॉटच्या बाबतीत इन्व्हर्टर सांभाळून घेतो, व्होल्टेजच्या बाबतीत नाही. ५० व्होल्ट ओपन सर्किट व्होल्टेजची (भार नसतानाच्या व्होल्टेजची) १२ पॅनेल एका स्ट्रिंगमध्ये, म्हणजे एकापुढे एक अशा रांगेत, जोडली, की कागदावर ६०० व्होल्ट होतात आणि ६०० व्होल्टची मर्यादा असलेल्या इन्व्हर्टरला ती चालतील असे वाटते. पण गारठ्यात व्होल्टेज वाढते. दर अंशाला ०.२८ टक्के धरले, तर शून्य अंशाला हीच स्ट्रिंग ६४२ व्होल्टवर जाते, तेही सकाळी, इन्व्हर्टरने भार घेण्यापूर्वी. अशाने इन्व्हर्टर जळू शकतो. म्हणून स्ट्रिंगची लांबी त्या जागेच्या नीचांकी तापमानावरून ठरवतात. उलट स्ट्रिंग फार आखूड ठेवली, तर उन्हाळ्यात व्होल्टेज एमपीपीटीच्या (इन्व्हर्टर ज्यात कमाल शक्तीचा बिंदू शोधू शकतो त्या व्होल्टेजच्या) पट्ट्याखाली उतरते.

करंटचे गणित त्या मानाने सोपे. १३-१४ अँपिअरची नवी पॅनेल जुन्या १०-११ अँपिअरच्या इन्व्हर्टरला जोडली, तर वरचा करंट वापरला जात नाही. मात्र शॉर्ट सर्किट करंटची (पॅनेलची दोन टोके थेट जोडल्यास वाहणाऱ्या करंटची) कमाल मर्यादा पाळावीच लागते.

बॅटरीवर चालणाऱ्या ऑफ-ग्रिड संचाला हे गुणोत्तर लावू नये. तिथे इन्व्हर्टर ठरतो तो एका वेळी चालणाऱ्या उपकरणांवरून आणि पंपासारख्या मोटरच्या सुरुवातीच्या झटक्यावरून; पॅनेल ठरतात दिवसाच्या युनिटवरून आणि बॅटरीवरून, आणि त्यांची मर्यादा बॅटरीचे चार्जिंग सांभाळणारा चार्ज कंट्रोलर घालतो.