इन्स्ट्रक्शनल डिझाइन आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट: पायऱ्या सारख्या, काम वेगळं

पदव्युत्तर अभ्यासक्रम निवडताना इन्स्ट्रक्शनल डिझाइन (कोर्स आणि प्रशिक्षण कसं शिकवायचं याची आखणी) आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट (काम वेळेत, ठरल्या खर्चात तडीस नेणं) या दोन विषयांची हमखास गल्लत होते. इन्स्ट्रक्शनल डिझाइनच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच 'ॲडी' (ADDIE, पाच पायऱ्यांच्या इंग्रजी नावांची आद्याक्षरं) भेटतं: विश्लेषण, आराखडा, निर्मिती, अंमलबजावणी, मूल्यमापन. प्रोजेक्ट मॅनेजमेंटवाल्याला भेटतात पाच प्रक्रियागट: प्रारंभ, नियोजन, अंमलबजावणी, देखरेख आणि नियंत्रण, समारोप. दोन्हीकडे पाचच, सुरुवातीला विचार आणि शेवटी तपासणी. त्यात एखादा ऑनलाइन कोर्स तयार करायचा तर दोन्ही कामं बऱ्याचदा एकाच माणसाच्या गळ्यात पडतात.

या दोघांची मुळं मात्र वेगळी आहेत. ॲडीच्या पायऱ्या १९७५ मध्ये फ्लोरिडा स्टेट युनिव्हर्सिटीने अमेरिकी लष्करासाठी तयार केलेल्या प्रशिक्षणपद्धतीतून आल्या. प्रक्रियागट ही १९६९ मध्ये स्थापन झालेल्या प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटची, म्हणजे पीएमआयची मांडणी. शिवाय हे गट म्हणजे एकामागून एक येणारे टप्पे नव्हेत, असं पीएमआय स्वतःच सांगते. प्रकल्पाच्या प्रत्येक टप्प्यात ते पुन्हा पुन्हा येऊ शकतात. म्हणजे ॲडीतल्या एकट्या 'निर्मिती'च्या टप्प्यालाही स्वतःचं नियोजन, देखरेख आणि समारोप असतो. एवढं लक्षात आलं की दोन याद्या ओळीने जुळवण्याचा मोह सुटतो.

खरा फरक प्रत्यक्ष कामात दिसतो. समजा, गोदामातल्या कर्मचाऱ्यांना परत आलेल्या मालाची नोंद नव्या सॉफ्टवेअरमध्ये करायला शिकवायचं आहे. प्रोजेक्ट मॅनेजरच्या कागदावर मॉड्यूल ३ असं दिसेल: स्टोरीबोर्ड (स्क्रीनवर क्रमाने काय दिसेल त्याचा कच्चा आराखडा), विषयतज्ज्ञांची तपासणी, दुरुस्त्या, ध्वनिमुद्रण, अंतिम मंजुरी. प्रत्येकापुढे तारीख, जबाबदार व्यक्ती आणि आधी कोणतं काम संपायला हवं याची नोंद. डिझायनरच्या कागदावर त्याच मॉड्यूलपुढे एकच वाक्य असेल: 'खराब माल परत आल्यावर कर्मचारी, कुणाची मदत न घेता, योग्य कारण निवडून बिनचूक नोंद करील.' अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट मेगर यांनी १९६२ मध्ये उद्दिष्ट लिहिण्याची जी रीत मांडली, तिचे तिन्ही भाग यात आहेत: कृती, परिस्थिती आणि निकष. 'कर्मचाऱ्यांना प्रक्रियेची माहिती मिळेल' असं लिहिलं असतं तर ते साधलं की नाही, हे कुणालाच तपासता आलं नसतं.

आता मुदत जवळ आली आणि काम मागे पडलं आहे. प्रोजेक्ट मॅनेजर क्रिटिकल पाथ (ज्यांना उशीर झाला की सगळा प्रकल्पच लांबतो, अशा कामांची साखळी) बघतो, माणसं वाढवतो, काही कामं समांतर चालवतो किंवा व्याप्ती कमी करायची परवानगी मागतो. हे त्याचं कामच आहे आणि ते अवघड आहे. प्रश्न येतो काय कापायचं याचा. व्हिडिओ डोळ्यांना दिसतो, वरिष्ठांना दाखवता येतो, म्हणून तो राहतो आणि सरावाचे प्रसंग, चुकल्यावर मिळणारा अभिप्राय हे आधी जातात. माझ्या मते कोर्सचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. करून बघितल्याशिवाय हात बसत नाही. अशा वेळी चकचकीत ॲनिमेशन काढा पण सराव ठेवा, हे ठामपणे आणि कारणांसह सांगणं ही डिझायनरची जबाबदारी.

शेवटाकडेही वाटा फुटतात. कोर्स सुपूर्द झाला, मंजुरीची सही झाली, हिशेब मिटला की प्रकल्प बंद. डिझायनरचा महत्त्वाचा प्रश्न मात्र तेव्हा कुठे सुरू होतो. अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे चार स्तर मांडले: प्रतिक्रिया, शिकणं, वर्तन, परिणाम. पहिले दोन कोर्स संपताच मोजता येतात. कामावर वर्तन बदललं का, हे काही आठवडे किंवा महिने गेल्यावरच कळतं, आणि तोवर टीम पांगलेली असते, पैसा संपलेला असतो. त्यामुळे वर्तनाची पाहणी कोण, कधी, कोणत्या खर्चातून करणार, हे पहिल्याच नियोजनात लिहून घ्यावं लागतं. इथे दोन्ही विद्या एकमेकींच्या खरोखर कामी येतात.

आणखी एक प्रश्न फक्त डिझायनरच्या वाट्याचा: प्रशिक्षणाची मुळात गरज आहे का? नोंदी चुकतात त्या कर्मचाऱ्यांना येत नाही म्हणून, की स्क्रीनवर कारणांची यादीच गोंधळाची आहे म्हणून? दुसरं खरं असेल तर वेळेत आणि बजेटमध्ये पूर्ण झालेला उत्तम कोर्सही वाया जाईल.

शिक्षण निवडताना पदवीच्या नावापेक्षा विषयांची यादी आणि शेवटचा प्रकल्प बघा. वेळापत्रक, जोखीम, खरेदी-करार, अर्न्ड व्हॅल्यू (झालेलं काम ठरलेल्या वेळेशी आणि खर्चाशी ताडून बघण्याची पद्धत) यांवर भर असेल तर तो प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा रस्ता. एमबीएमध्ये हा विषय वित्त, मार्केटिंग, मनुष्यबळ यांच्या सोबतीने येतो आणि खोली अर्थातच कमी मिळते. अध्ययनाचे सिद्धांत, गरजांचं विश्लेषण, चाचण्यांची रचना, मूल्यमापन हे विषय असतील तर तो इन्स्ट्रक्शनल डिझाइनचा. त्यात प्रोजेक्ट मॅनेजमेंटचाही एखादा पेपर बऱ्याचदा असतो, तेवढ्यावरून दोन्ही सारखेच समजू नका. शेवटच्या प्रकल्पात खऱ्या शिकणाऱ्यांवर कोर्स वापरून बघायला आणि त्यातून दुरुस्त्या करायला लावतात का, हे प्रवेशाआधीच विभागाला विचारा. नुसता आराखडा लिहून पदवी मिळत असेल, तर डिझायनर होऊ पाहणाऱ्याने दुसरा अभ्यासक्रम शोधावा.